चिन्नोरच्या डब्यातला कोळसा

तुम्ही मला नेहमी विचारता ना, की बाबा रे, घरातल्या हवेतले विषारी वायू घालवायचं काम करतोस तू, मग पंगतीत कोणी "काय वास सुटलाय!" म्हटलं की तू एकदम गप्प का होतोस? आज सांगूनच टाकतो. चहा मात्र आणखी एकेक कप मागवा. किस्सा माझ्याच मूर्खपणाचा आहे आणि माझा मूर्खपणा एका कपात मावत नाही.

कोणी बापाचं शेत घालवतं, कोणी बापाचा पैसा घालवतं. मी माझ्या बापाचं नाक घालवलं. खरंखुरं नाक, वास घ्यायचं! तेही रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत असताना, शास्त्रीय पद्धतीनं, वहीत नोंदी ठेवून.

गोंदिया जिल्हा आमच्या भंडाऱ्यातून वेगळा निघाला त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील. आमचं घर भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेला लागून. पुढे तांदळाचं दुकान, मध्ये आम्ही, मागच्या खोलीत पोती. मी झोपायचो त्या भिंतीपलीकडे तांदूळ झोपायचा, आणि घरात आमच्यापेक्षा त्याचा मान जास्त होता.

दुकान वडिलांचं. सगळे त्यांना नारायणभाऊ म्हणत, मी बाबूजी म्हणायचो. आणि त्यांची खरी मिळकत म्हणजे त्यांचं नाक. आमच्याकडचा चिन्नोर तुम्ही खाल्लाय का? बारीक, सुवासिक तांदूळ. एका घरात शिजला तर चार घरांतली माणसं आपापल्या ताटांकडे रागानं बघतात. आता चिन्नोर म्हणून साधा तांदूळ गळ्यात मारणारे काय कमी होते? पण बाबूजींपुढे कोणाची टाप नव्हती. चिमूटभर तांदूळ मुठीत घ्यायचे, मुठीत दोनदा तोंडाची वाफ सोडायचे, मूठ उघडून नाकाशी न्यायचे. डोळे मिटले की तांदूळ पास. डोळे उघडेच राहिले की समजायचं, पोतं उचला आणि चालते व्हा. भंडाऱ्यापासून थेट मध्य प्रदेशच्या सीमेवरच्या बपेऱ्यापर्यंतचे शेतकरी या मिटलेल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचे.

आणि या माणसाचा एकुलता एक मुलगा मी! माझं नाक म्हणजे चष्मा ठेवायची जागा. लहानपणी बाबूजींनी माझ्यापुढे वाट्या मांडून मला शिकवायचा प्रयत्न केला होता. एका वाटीत चिन्नोर, एकीत जाडा तांदूळ. मी दोन्हींचा वास घेऊन आत्मविश्वासानं जाड्या तांदळावर बोट ठेवलं. त्या दिवशी बाबूजी मायला म्हणाले, "याले शिकव बा कॉलेजात. दुकानात काही कामाचा नाही हा. याले चिन्नोर अन् चुना एकच."

ते हसत म्हणाले होते. पण मला ते फार लागलं. अजूनही लागतं, तुम्हाला म्हणून सांगतो.

आता दुकानाची एक रीत सांगतो, नाहीतर पुढचा गोंधळ कळायचा नाही. मार्गशीर्षात चिन्नोर आला की बाबूजी तो पास करायचे, पोतं शिवायचं आणि त्यातला शेरभर तांदूळ पत्र्याच्या डब्यात काढून डब्यावर शेतकऱ्याचं नाव लिहायचं. नागपूरचा मोठा व्यापारी यायचा, तो डब्यातला तांदूळ बघायचा. व्यवहार होईपर्यंत शिवलेलं पोतं उसवायचं नाही. पोतं उसवलं म्हणजे डब्यावर विश्वास नाही, आणि डब्यावर विश्वास नाही म्हणजे नारायणभाऊंवर विश्वास नाही.

हे डबे वर्षानुवर्षं भिंतीतल्या उघड्या फळ्यांवर असायचे. त्या वर्षी बाबूजींना हौस आली. दसऱ्याला सुतार बसवून त्यांनी प्लायवूडचं चकचकीत कपाट करून घेतलं. सनमायका, आरसा, चुंबकानं खटकन लागणारी दारं. गावातले लोक नुसतं ते दार उघडायला-लावायला यायचे.

मी हिवाळ्याच्या महिना-दीड महिन्याच्या सुट्टीत घरी आलो आणि कपाट उघडलं. डोळ्यांतून घळाघळा पाणी! तुम्हाला वाटेल, वडिलांची प्रगती बघून. नाही हो. डोळे चुरचुरत होते. माय म्हणाली, "मलेही होते तसं. नव्या कपाटाचा वास आहे तो, जाईन हळूहळू."

मला मात्र आभाळ ठेंगणं झालं. कारण नागपूरला आमचे सर याच विषयावर काम करत होते! प्लायवूडच्या डिंकातून फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू महिनोन् महिने घरात सुटत राहतो. डोळे जळतात, घसा धरतो, आणखीही वाईट काय काय होतं. त्यावर सरांचा उपाय होता आमच्याच धानाचा. धानाचा तूस, म्हणजे तांदळावरचं टरफल, घ्यायचा, हवा न लागू देता जाळायचा, सोड्यात उकळायचा, धुवून पुन्हा तापवायचा. त्या कोळशाला इतकी बारीक, इतकी अगणित छिद्रं पडतात की चमचाभर कोळशाच्या आतला पृष्ठभाग पसरला तर अख्खं शेत झाकेल. मग विहिरीत टाकतात ना ते जांभळं औषध, त्याचा हात त्यावरून फिरवायचा. हा कोळसा वायू पकडतो आणि पकडून गप्प बसत नाही, त्याला तोडून टाकतो. वीज नको, पंखा नको.

सरांनी आणखीही एक वाक्य सांगितलं होतं. ते मी वहीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या होत्या. पण ते वाक्य नंतर सांगतो.

परसात मी भट्टी लावली. तेलाचा जुना डबा, मातीनं लिंपलेलं झाकण, आणि चुलीपुढे मी. तीन दिवस मायचं सरपण जाळलं. माय शेजारणींना सांगायची, "नागपूरले शिकाले पाठवला, अन् पोट्टा कोळसे पाडाले शिकून आला!" मी तिला सांगितलं की हा कॉलेजचा प्रयोग आहे, नागपूरला न्यायचा आहे. बाबूजींना मात्र खरं सांगून विचारलं, की कपाटात ठेवू का?

ते ताडकन म्हणाले, "कोळसा? तांदुळाजवळ? काळं काही यायचं नाही माह्या दुकानात. अन्नाचं घर आहे हे."

"बाबूजी, पण विज्ञान..."

"विज्ञान तिकडे परसात. इथं तांदूळ."

आता शहाण्या मुलानं काय केलं असतं? गप्प बसला असता. मी गुपचूप मोठ्या पुरचुंड्या बांधून कपाटाच्या मागे, वर, खाली, जिथे दिसणार नाहीत तिथे कोंबल्या. आठवड्यात डोळ्यांची चुरचुर बंद! एकदम बंद! मी वाट बघतोय की कोणीतरी आश्चर्य करेल. माय म्हणाली, "मी रोज खिडकी उघडी ठेवतो ना, म्हनून गेला वास." बाबूजी म्हणाले, "हाव," म्हणजे हो. झालं. माझं सगळं श्रेय खिडकीनं खाल्लं. तुम्हीच सांगा, शास्त्रज्ञाचा असा अपमान झाल्यावर तो स्वस्थ बसेल?

मी विचार केला, कपाटातला वायू डब्यांत शिरला असेल तर? आपल्या चिन्नोरमध्ये विष? छे! मी छोट्या पुरचुंड्या केल्या. पांढरं कापड संपलं होतं, म्हणून माझे जुने काळे मोजे कापले. दोरा सापडेना, म्हणून मायच्या देवघरातला लाल नाडा घेतला. बाबूजी बाजाराला गेले असताना एकेक डबा उपडा केला, तळाशी पुरचुंडी, वरून तांदूळ, झाकण घट्ट. काळ्या मोज्यात काळा कोळसा, वर लाल नाडा. दिसायला कसं दिसेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही. मी विज्ञानात होतो.

दहा-बारा दिवसांनी बाबूजींनी सहज म्हणून एक डबा उघडला. तो डबा होता बपेऱ्याच्या कौतिकाबाईंचा. कौतिकाबाई एकट्या बाई, शेती स्वतः करायच्या, आणि त्या वर्षी त्यांचा चिन्नोर घेताना बाबूजींचे डोळे इतका वेळ मिटलेले राहिले होते की मायला वाटलं झोप लागली. "सालभरातला एक नंबर," असा शब्द त्यांनी कौतिकाबाईंना दिला होता.

बाबूजींनी मूठ भरली. वाफ सोडली. मूठ नाकाशी नेली. डोळे उघडेच.

पुन्हा वाफ. पुन्हा नाक. दुसरा डबा. तिसरा. मग त्यांनी सगळी झाकणं हळूच लावली आणि खुर्चीवर बसून राहिले. मी समोर पेपर वाचत होतो. मला वाटलं, पाय दुखत असतील.

त्यानंतर घरात विचित्र गोष्टी सुरू झाल्या. बाबूजी फिनाइलच्या बाटलीचं झाकण उघडून हुंगताना दिसले. मग लसूण. मग रस्त्याकडेच्या नाल्यापाशी वाकून उभे! एक दिवस स्कूटर काढून भंडाऱ्याला डॉक्टरकडे जाऊन आले आणि आम्हाला सांगितलं, "बारदाना पाहाले गेलतो, रिकामी पोती." खिशात नाकात घालायचे थेंब. जेवण अर्ध्यावर आलं. मायनं विचारलं तर, "भूक नाही."

शेवटी एका सकाळी त्यांनी मायला हाक मारली. कौतिकाबाईंच्या डब्यातली मूठ तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "पाय बरं. येते का वास?"

मायनं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग म्हणाली, "येते ना! मस्त येते."

मग माझ्याकडे वळले. "विजू, तू पाय."

मी हुंगलं. काहीच नाही. पण मला कधी काय आलं होतं? वाट्यांचा तो दिवस डोळ्यांपुढे उभा राहिला. चिन्नोर अन् चुना! आता पुन्हा "नाही" म्हणू? एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात? मी डोळे मिटले, हुबेहूब बाबूजींसारखे, आणि म्हणालो, "आहाहा! एकदम फर्स्टक्लास, बाबूजी!"

बाबूजींचा चेहरा मी अजून विसरलो नाही. ते हळूच म्हणाले, "विजूलेही येऊन राहिला."

मग ते खाली बघून बोलायला लागले. "मोठे वास येतेत मले. नाल्याचा येते, फिनाइलचा येते. बारीक वास गेला. म्हाताऱ्याले ओरडलेलं ऐकू येते अन् कुजबुज ऐकू येत नाही ना, तसं झालं माह्या नाकाचं. आता दुकान कायच्या भरवशावर चालवू? विजू, तुह्यं नाक उघडलं म्हनतं त आता तूच बस गादीवर. राहू दे ते नागपूर."

राहू दे ते नागपूर! सहा महिने उरले होते हो परीक्षेला. माझी लॅब, माझे सर, माझं सगळं. माय पदर तोंडाला लावून आत गेली.

आता इथे अक्कल असलेल्या माणसाच्या डोक्यात प्रकाश पडला असता. माझ्या डोक्यात पडला, पण उलट्या बाजूनं! मी म्हटलं, अरे, हे त्या कपाटाचंच काम! फॉर्मल्डिहाइडनं बाबूजींचं नाक मारलं! म्हणजे कोळसा कमी पडला. लगेच त्याच दुपारी परसात ताजा कोळसा तापवला आणि प्रत्येक डब्यात एकाच्या जागी दोन-दोन पुरचुंड्या. वहीत नोंद केली, "मात्रा दुप्पट." बापाला वाचवतोय या भावनेनं मला भरून आलं होतं.

दोन-चार दिवसांत नागपूरचे मदनसेठ आले. वर्षानुवर्षांचे व्यापारी, पांढरं सफारी, पानानं भरलेलं तोंड. कौतिकाबाईही दोन एसट्या बदलून आल्या होत्या, कारण ज्याचा डबा एक नंबर, त्यानं व्यवहाराला समोर असायचं अशी आमच्याकडची पद्धत. मायनं चहा ठेवला. बाबूजी गादीच्या कडेला सरकून बसले आणि मला मधे बसवलं. मदनसेठनी भुवया उंचावल्या.

"आजपासून विजू वास घेईन," बाबूजी म्हणाले. एवढंच.

मी डबा उघडला. मूठ, वाफ, नाक. डोळे मिटले. "फर्स्टक्लास!"

मदनसेठनी मूठ भरली. हुंगलं. पुन्हा हुंगलं. मग बाबूजींकडे पाहिलं. ज्या माणसाचं नाक वीस वर्षांत एकदा चुकलं नाही, त्यानं पास केलेला तांदूळ! त्यांनी मान डोलावली. "वा! बहुत हल्की खुशबू आहे, नारायणभाऊ. एकदम नाजूक. सबको समझमें नहीं आती ऐसी."

"मले द्या जी जरा," कौतिकाबाई म्हणाल्या.

त्यांनी वाफबीफ काही सोडली नाही. डब्यातच नाक घातलं. वर काढलं. पुन्हा घातलं. मग डबा मांडीवर ठेवून बाबूजींकडे बघत म्हणाल्या, "नारानभाऊ, हा माहा तांदूळ नोहे."

मदनसेठनी मुठीतला तांदूळ हळूच गादीवर ठेवला.

"कौतिकाबाई, डब्यावर नाव आहे तुमचं," बाबूजी म्हणाले.

"नाव हाये. तांदूळ नाही. माह्या बांधीतला चिन्नोर मी आंधळी झालो तरी ओळखीन. याले वासच नाही! कोनं बदलला?"

बाबूजींच्या दुकानात हा शब्द कधीच कोणी बोललं नव्हतं. बदलला! त्यांनी डब्यावरचं नाव पुन्हा वाचलं. काय बोलणार? ज्याचं नाकच गेलं, तो कुठल्या तोंडानं सांगणार की तांदूळ तोच आहे? वीस वर्षांचा विश्वास माझ्या डोळ्यांसमोर त्या डब्यात बुडत होता.

कौतिकाबाईंनी बाह्या सावरल्या आणि खालचा तांदूळ बघायला डब्यात मनगटापर्यंत हात घातला. हात थांबला. त्यांनी काहीतरी ओढून वर काढलं.

काळी पुरचुंडी. लाल नाड्यानं बांधलेली. पाठोपाठ दुसरी.

"अगा बाप्पा!" कौतिकाबाईंनी ती गादीवर फेकली. "करनी! करनी केली कोनं तरी!"

मदनसेठ खुर्चीसकट दोन हात मागे सरकले. माय चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती जागच्या जागी ओरडली, "आवो, हा त माह्या देवघरातला नाडा! घरात शिरून नेला कोनं!"

बाबूजींनी दुसरा डबा उघडला. पुरचुंडी. तिसरा. पुरचुंडी. प्रत्येक डब्यातून एकेक जोडी निघत होती. बाबूजी त्या काळ्या ढिगाकडे बघून हळू आवाजात, सगळ्यांसमोर म्हणाले, "म्हनून गेलं माह्यं नाक."

"नाक गेलं?" मदनसेठ म्हणाले. "कब?"

"पंधरा दिवस झाले. मले चिन्नोरचा वास येत नाही, सेठ. लपवून राहिलो होतो."

"समोरच्याचंच काम हे!" माय कडाडली. समोरच्या दुकानदाराशी आमचं पाच वर्षं बोलणं नव्हतं. भांडण त्याच्या म्हशीनं आमचं पोतं खाल्ल्यावरून सुरू झालं होतं. "त्याच्याच डोळ्यावर आलं आपलं कपाट!"

बाबूजी उठले. आयुष्यात कोणावर हात न उचललेला माणूस, पण त्यांनी पुरचुंड्या मुठीत घेतल्या आणि चपला न घालता पायरी उतरले. रस्त्यापलीकडे तो बिचारा दुकानदार शांतपणे हरभरा मोजत बसला होता. अजून दहा पावलं आणि काय झालं असतं देव जाणे.

मी धावत जाऊन आडवा झालो. "बाबूजी, थांबा! करनी नाही ते. माह्या पुरचुंड्या आहेत!"

"तुह्या?"

"माहे मोजे आहेत ते."

तुम्ही कधी हायवेच्या कडेला, अनवाणी बापापुढे, दोन साक्षीदार आणि एका आईच्या उपस्थितीत सच्छिद्र कार्बनचे गुणधर्म समजावून सांगितले आहेत का? मी सांगितले. फॉर्मल्डिहाइड सांगितला, धानाचा तूस सांगितला, जांभळं औषध सांगितलं. "या कोळशाच्या पोटात बारीक बारीक छिद्रं असतात. हवेतला वायू त्यात शिरते अन् अडकते." बोलता बोलता मला सरांचं ते वाक्य आठवलं, दोन रेघा मारलेलं. सांगतो म्हटलं होतं ना? ते असं होतं, "कार्बन अधाशी असतो, त्याला वाईट वायू आणि चांगला वास यातला फरक कळत नाही, समोर येईल ते गिळतो."

मी कपाळावर हात मारला.

कौतिकाबाईंना मात्र सगळं बरोबर कळलं होतं. "म्हंजे माह्या तांदुळाचा वास त्या भोकात गेला?"

"हाव."

"मंग बाहेर काढ!"

मी बाबूजींच्या मुठीतली एक पुरचुंडी घेऊन हलवून बघितली. त्यातून फक्त काळी भुकटी पडली.

बाबूजींनी उरलेल्या पुरचुंड्या माझ्या हातात कोंबल्या. वळले, दुकानातून घरात, घरातून मागच्या खोलीत. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी कौतिकाबाईंचं पोतं शोधलं, सुरी घेतली आणि व्यवहाराआधी कधीही न उसवलेली शिवण टराटरा उसवली. मूठ भरली. मुठीत वाफ सोडली, एकदा, दोनदा. मूठ उघडली.

डोळे मिटले.

किती वेळ मिटलेले होते सांगू? मदनसेठचं पान संपलं. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं आणि बाबूजी लहान मुलासारखे म्हणाले, "येऊन राहिला. आला बा! आला वास!"

कौतिकाबाई पोत्यावर हात ठेवून म्हणाल्या, "हा हाये माहा तांदूळ." मदनसेठनी ओंजळ भरून हुंगली आणि खरंच हबकले. त्या खोलीत त्या दिवशी कसला वास सुटला असेल, मला तुम्हाला सांगता आलं असतं तर काय हवं होतं!

मग बाबूजींनी डोळे पुसले आणि एकेकाकडे बघायला सुरुवात केली. आधी मायकडे. "तुले त 'मस्त' येत होता ना?"

माय पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाली, "मले वाटलं, चुलीपाशी बसून बसून माह्यंच नाक गेलं. तुमी पास केलेला तांदूळ, मी कशी नाही म्हनू?"

"अन् मदनसेठ, हल्की खुशबू?"

"भाऊ, आपकी जुबान..." मदनसेठनी कान पकडले. "तुमचं नाक खोटं कसं म्हणणार आम्ही?"

मग ते माझ्याकडे वळले. मी पोत्यांच्या मागे जायच्या बेतात होतो.

"अन् तुले फर्स्टक्लास!" बाबूजी म्हणाले. "डोळेही मिटले होते ना बे? माहं पाहून शिकला तेवढंच! तू जर त्या दिवशी 'नाही येत' म्हनला असता ना भैताडा, त मी तेव्हाच डबा उपडा केला असता. माह्यं नाक कोळशानं नाही खाल्लं, तुह्या 'फर्स्टक्लास'नं खाल्लं."

आणि एवढं बोलून ते हसायला लागले. पोत्याला टेकून, पोट धरून, पंधरा दिवसांचं अडकलेलं हसू. मग कौतिकाबाई हसल्या, माय हसली, मदनसेठना ठसका लागला. मी रडत होतो की हसत होतो, मला आठवत नाही.

व्यवहार तिथेच, उसवलेल्या पोत्यावर झाला. मायनं चिन्नोरची खीर केली आणि पहिली वाटी माझ्याच हाती समोरच्या दुकानदाराकडे पाठवली. पाच वर्षांनी आमच्या घरून काही आलेलं बघून तो इतका घाबरला की आधी मलाच एक चमचा खायला लावला. संध्याकाळी वाटी परत आली, तिच्यात हरभरे होते. म्हशीचं प्रकरण मिटलं.

दुसऱ्या दिवशी बाबूजींनी मला नागपूरच्या एसटीत बसवलं. मी विचारलं, "बाबूजी, अन् दुकान?"

"तुह्या हातात दुकान देऊ?" ते खिडकीबाहेरून म्हणाले. "उद्या पोत्यात वाळू भरून आनली त तिलेही फर्स्टक्लास म्हनशीन. तू जा बा. शीक. तिकडे कोनाच्या पोटाचा प्रश्न नाही." एसटी हलल्यावर त्यांनी खिडकीतून एक डबा आत ढकलला. चिन्नोरचा, काठोकाठ भरलेला. "सरांना दे. अन् पुरचुंडी टाकू नको त्यात!"

तर अशा रीतीनं माझं नाक चालत नाही म्हणून मी शास्त्रज्ञ झालो. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "तुमचा कोळसा फक्त फॉर्मल्डिहाइडच पकडतो, हे खात्रीनं सांगता येईल?" मी म्हणालो, "नाही सर." त्यांनी विचारलं, "कशावरून?" मी म्हणालो, "वडिलांच्या नाकावरून." आमचे सर खाली बघून हसत होते, डबा त्यांच्या घरी पोचला होता. पुढे माझं सगळं काम याच एका प्रश्नावर झालं, की विष तेवढं धरावं आणि चांगलं ते सोडावं असा कोळसा कसा करायचा. अजून करतोच आहे.

बाबूजी जाऊन सहा वर्षं झाली. शेवटपर्यंत त्यांचं नाक शाबूत होतं. ते प्लायवूडचं कपाट मात्र त्यांनी त्याच वर्षी कपड्यांना दिलं आणि डबे पुन्हा उघड्या फळ्यांवर आले. दुकान आता नाही. माय माझ्याकडे नागपूरला असते आणि दर मार्गशीर्षात कौतिकाबाई तिच्या नावानं एक डबा पाठवतात.

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. डबा आलेला मी सकाळीच पाहिला होता. दुपारी जेवायला आलो तर स्वयंपाकघरात भात शिजत होता, वाफ दारापर्यंत आलेली. मी उंबऱ्यातच थांबलो. आणि काय सांगू तुम्हाला, आयुष्यात पहिल्यांदा मला वास आला! शहापूरची ती मागची खोली आली, उसवलेली शिवण आली, बाबूजींची उघडलेली मूठ आली. माझे डोळे आपोआप मिटले आणि पाणी आलं.

"माय," मी म्हणालो, "येऊन राहिला वास. बाबूजींचा चिन्नोर!"

मायनं पातेल्यावरचं झाकण उचललं, एकदा भाताकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"भैताडा," ती म्हणाली, "हा रेशनचा तांदूळ आहे. चिन्नोरचा डबा मी अजून उघडला कुठं?"